आशाताईंचा मास्क घेताना



माइकसमोर आमच्यातली एकच बसली आहे, बाकीच्या काचेपलीकडे उभ्या आहेत. पण आज सांगायचं आहे ते आमच्या ग्रामसंघातल्या सगळ्या बायकांचं आहे, म्हणून बोलताना ‘आम्ही’च म्हणणार. मागच्या खेपेला आपण गटाच्या हिशोबाच्या वह्यांबद्दल बोललो होतो. आज एका खरेदीबद्दल बोलायचं आहे. खरेदी आमची होती आणि चूकही आमचीच होती.

तुम्हाला आठवत असेल, २०२० च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या बचत गटांनी कापडी मास्क शिवले. आम्हीही शिवले. घरोघरच्या मशिनी दिवसभर चालू होत्या. त्यातून चार पैसे सुटले, ते आम्ही ग्रामसंघाच्या खात्यात बाजूला ठेवले. पुढच्या वर्षी एप्रिलात दुसरी लाट आली. आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होत्या, उपकेंद्राच्या नर्सबाईंना जेवायला फुरसत नव्हती. आम्ही बैठकीत ठराव केला, की या पैशातून आशाताई, नर्सबाई आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर यांना एन-९५ मास्क द्यायचे. आमच्यातल्या तिघी तालुक्याला गेल्या. एका व्यापाऱ्याकडून ३० रुपयांना एक असे १०० मास्क घेतले. ३,००० रुपये मोजले. बिल मागितलं तर तो म्हणाला, “ताई, आता धावपळ आहे, मागाहून देतो.” आम्ही मान डोलावली. गावात येऊन मास्क वाटले, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी शाबासकी दिली.

आठ-दहा दिवसांनी आमच्या वाडीवरच्या आशाताई म्हणाल्या, “ताई, तुमचा मास्क लावला की माझ्या चष्म्यावर वाफ धरते. आणि दोन मास्कांची इलॅस्टिकं तुटली.” आम्ही म्हणालो, गाठ मारून वापरा. खरंच असं म्हणालो. आज सांगतानाही लाज वाटते.

त्यानंतरच्या आठवड्यात त्या आशाताईंना ताप आला आणि तपासणी पॉझिटिव्ह आली. दहा दिवस त्या कोविड सेंटरला होत्या. बऱ्या होऊन घरी आल्या, आजही काम करतात. त्या मास्कमुळेच त्यांना आजार झाला असं कुणीही सांगू शकत नाही. त्या दिवसांत आजार कुठूनही येत होता. पण भेटायला गेलो तेव्हा त्या जे बोलल्या ते आमच्या मनातून जात नाही. त्या म्हणाल्या, “मास्क नव्हता तेव्हा मी उंबऱ्याबाहेरूनच चौकशी करायचे. तुमचा मास्क मिळाला, मग मी घरात जाऊन पेशंटजवळ बसायला लागले.”

मैत्रिणींनो, खराब मास्कचं हे नुकसान आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. चांगलं साधन नाही हे ठाऊक असलं की माणूस लांब राहतो. साधन आहे असं वाटलं की तो जवळ जातो. आम्ही त्या ताईंना मास्क म्हणून धीर दिला होता, आणि तो धीर खोटा होता.

उरलेले मास्क घेऊन आम्ही आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी कात्री मागवली. आमच्यातला एक मास्क कापला आणि त्यांच्याकडचा एक जुना, वापरून झालेला चांगला मास्कही कापला. आमच्या मास्कचे दोनच पदर निघाले. हाताला लागताच आम्ही ओळखलं. लग्नात साडी घालून देतात ना, त्या पिशवीचं कापड. आत-बाहेर तेच. मॅडमच्या मास्कमध्ये चार पदर होते, आणि मधला पदर वेगळाच होता. पांढरा, मऊ, बारीक कापसाच्या कागदासारखा. मॅडम म्हणाल्या, “सगळं काम हा मधला पदर करतो. तुमच्या मास्कमध्ये तोच नाही.”

तो पदर काय काम करतो, ते आधी समजून घेऊ. आपल्याला वाटतं मास्क म्हणजे पिठाची चाळण. भोकं बारीक, म्हणून जंतू वर राहतात. तसं नाही. मधला पदर पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या अतिशय बारीक तंतूंचा असतो. त्याला मेल्टब्लोन म्हणतात, म्हणजे वितळवून गरम हवेच्या झोताने उडवलेला. ते तंतू जाळीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यांच्यावर स्थिर वीज भरलेली असते. लहानपणी आपण कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो, आठवतं? तसेच हे तंतू हवेतल्या कणांना ओढून धरतात. त्यामुळे भोकं फार बारीक न ठेवताही कण अडतात आणि श्वासही घेता येतो.

आता ‘९५’ चा अर्थ. हा दर्जा अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने ठरवलेला आहे. प्रयोगशाळेत मास्कमधून मिनिटाला ८५ लिटर हवा जोरात ओढतात, त्या हवेत मिठाचे अगदी बारीक कण असतात. मास्कच्या अलीकडे किती कण आणि पलीकडे किती, हे यंत्र मोजतं. शंभरातले किमान ९५ अडले तर एन-९५. कण साधारण ०.३ मायक्रॉनचे घेतात. आपला केस ढोबळमानाने ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हाच आकार का? तर मोठे कण तंतूंवर जाऊन आदळतात, फारच लहान कण इकडेतिकडे भरकटत तंतूंना चिकटतात, मधल्या आकाराचे निसटतात. जो पकडायला सगळ्यात अवघड, त्याच्यावरच परीक्षा.

ही परीक्षा यंत्राशिवाय होत नाही. आपल्या डोळ्यांनी, हाताने ती होणार नाही. आपण तीन गोष्टी बघू शकतो. एक, मास्कवर लिहिलेलं खरं आहे का. दोन, मास्कची बांधणी धड आहे का. तीन, तो चेहऱ्यावर नीट बसतो का.

आधी लिहिलेलं बघू. आमच्या मास्कच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘एन-९५’ छापलं होतं. कुणी बनवला, कुठे बनवला, कधी बनवला, बॅच कुठली, काहीही नाही. तेलाची पिशवी घेताना आपण तारीख बघतो, आणि इथे जिवाचा प्रश्न असताना बघितली नाही.

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने अशा मास्कसाठी मानक ठरवलेलं आहे. त्याचा क्रमांक आयएस ९४७३. त्यात एफएफपी-१, एफएफपी-२, एफएफपी-३ असे वर्ग आहेत. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी घेताना एफएफपी-२ किंवा त्यावरचा बघायचा. आयएसआयचा शिक्का असेल तर शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसता शिक्का छापायला कुणाच्या बापाचं काय जातं? म्हणून तो परवाना क्रमांक तपासायचा. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ नावाचं ॲप आहे. त्यात क्रमांक टाकला की कुठल्या कंपनीला, कुठल्या वस्तूसाठी परवाना दिला आहे, तो चालू आहे का, ते दिसतं. कंपनीचं नाव पाकिटावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आणि परवाना मास्कचाच आहे ना, तेही बघा.

मास्कवर अमेरिकेचा दर्जा लिहिलेला असेल, तर ‘नायॉश’ हे नाव आणि टीसी-८४ए ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक मास्कवरच छापलेला असतो. नायॉशच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं असेल तर तो मास्क खोटा. लहान मुलांसाठी नायॉशने मंजूर केला असं लिहिलं असेल तरी खोटा, कारण मुलांसाठी ती संस्था मंजुरीच देत नाही. आणि नायॉशच्या मास्कला डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतात. कानात अडकवायचं इलॅस्टिक असलेला आणि वर नायॉश लिहिलेला मास्क दिसला की तिथेच थांबायचं. युरोपचा एफएफपी-२ असेल तर ‘सीई’ या अक्षरांपुढे चार आकडी क्रमांक हवा, आणि ईएन १४९ हे मानक लिहिलेलं हवं. आमच्या पाकिटावर ‘सीई’ होतं, पुढचे आकडे नव्हते. केएन-९५ हा चीनचा दर्जा. २०२० आणि २०२१ मध्ये नायॉशने असे मास्क तपासले, तेव्हा सुमारे ६० टक्के मास्क त्यांच्यावर लिहिलेल्या दर्जाला उतरले नाहीत. म्हणून केएन-९५ घेताना दुप्पट सावध राहा.

किमतीवरून काही ठरवू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने मास्कच्या कमाल किमती ठरवल्या होत्या. तीन पदरी मास्क ४ रुपये, आणि एन-९५ प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये. म्हणजे आमचे ३० रुपये काही संशय यावा असे नव्हतेच. स्वस्त म्हणून खोटा नाही आणि महाग म्हणून खरा नाही.

आता बांधणी. खोक्यातले पाच-सहा मास्क काढून शेजारी शेजारी ठेवायचे. सगळे सारखे आहेत का? नाकावरची पट्टी वाकवली की वाकलेलीच राहते का, की परत उघडते? पट्टे ओढून बघायचे, जोडाच्या जागी निसटतात का? कडेची जोडणी बघायची. आमच्यासारख्या शिवणाऱ्या बायकांना इथे एक गोष्ट चटकन कळते. सुई गेली की भोक पडतं. म्हणून चांगल्या मास्कच्या कडा दोऱ्याने शिवलेल्या नसतात, अल्ट्रासॉनिक यंत्राने दाबून सांधलेल्या असतात. “आपणच एन-९५ शिवू, कापड आणून देतो” असं आम्हाला एकाने सुचवलं होतं. आम्ही नाही म्हणालो. कापडी मास्क शिवणं आपलं काम आहे, ते आपण नीट करू. जे तपासता येत नाही ते दुसऱ्याच्या तोंडावर बांधायचं नाही.

आणि घाऊक खरेदी असेल तर एक मास्क कापायचा. जीव चुटपुटतो, पण ३० रुपयांचा मास्क कापून ३,००० वाचतात. मधला पांढरा मऊ पदर नसेल तर खोकं परत. पण उलटं धरू नका बरं का. पदर दिसला म्हणजे मास्क पास झाला असं नाही. त्यावर वीज नीट भरली आहे का, ते कात्रीला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल मागायचा. कोइंबतूरची ‘सिट्रा’ ही वस्त्र संशोधन संस्था अशा तपासण्या करते. अहवाल आला की त्यावर मास्कचं नाव आणि मॉडेल तेच आहे का, तारीख काय, एवढं तरी वाचायचं.

आता मोबाइलवर फिरणाऱ्या परीक्षांबद्दल. मास्क लावून मेणबत्ती विझवून बघा, विझली नाही तर मास्क खरा. पाणी ओता, गळलं नाही तर खरा. या परीक्षांवर विसंबू नका. लग्नातल्या त्या पिशवीच्या कापडातूनही पाणी लगेच गळत नाही. आमच्याकडे एक आजी म्हणायच्या, मास्कमधून फोडणीचा वास येतो, म्हणजे तो बोगस. तेही बरोबर नाही. वास म्हणजे वायू, आणि हा मास्क कण अडवतो, वायू नाही. चांगल्या एन-९५ मधूनही लसणाचा वास येणारच.

तिसरी गोष्ट, चेहऱ्यावर बसणं. कितीही भारी मास्क असू द्या, कडेला फट असेल तर हवा तिथूनच जाते. पाण्यासारखीच ती, सोपी वाट धरते. आशाताईंच्या चष्म्यावर वाफ धरत होती, म्हणजे नाकाजवळ फट होती. त्या आम्हाला हेच सांगत होत्या आणि आम्हाला कळलं नाही.

मास्क लावायची रीत अशी. खालचा पट्टा कानांच्या खाली मानेवर, वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर. अंबाडा असेल तर वरचा पट्टा त्याच्या वरून घ्या. नाकाची पट्टी एका हाताने चिमटू नका, तशी ती मधे दुमडते आणि बाजूला फट राहते. दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाजूला दाबत न्या. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. कडेने हवा लागली तर पुन्हा बसवा. मग जोरात श्वास आत घ्या. मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. मास्कच्या कडेखाली पदर नको, ओढणी नको, बट नको. मोठी चमकी किंवा नथ कडेत येत असेल तर ड्यूटीपुरती काढा. दादांनो, दाढीचे खुंट वाढले असतील तरी मास्क नीट बसत नाही. तेवढी दाढी करूनच कामावर जा.

ही तपासणी दर वेळी करायची. मोठ्या रुग्णालयांत याच्या पुढची परीक्षाही करतात. डोक्यावर टोपडं घालून आत सॅकरीनचा गोड फवारा मारतात. मास्क लावलेल्याला गोड चव लागली, तर तो मास्क त्या चेहऱ्याला बसत नाही, दुसरा आकार बघायचा. सगळ्यांचे चेहरे सारखे नसतात, म्हणून एकाच आकाराचे १०० मास्क घेणं हीसुद्धा आमची चूकच होती.

झडपेच्या मास्कबद्दल बायका विचारतात. पुढे बटणासारखी प्लास्टिकची झडप असते, तिच्यातून सोडलेला श्वास गाळल्याशिवाय बाहेर पडतो. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी राज्यांना पत्र पाठवून सांगितलं होतं, की अशा मास्कमधून विषाणू बाहेर पडणं थांबत नाही. घालणाऱ्याच्या आजारापासून समोरच्या पेशंटला जपायचं असेल तर झडप नको.

आणि कृपा करून एन-९५ धुऊ नका. साबणाने, सॅनिटायझरने तंतूंवरची वीज जाते. मास्क दिसतो तसाच, पण आतलं बळ गेलेलं असतं. टंचाईच्या काळात पुन्हा वापरावाच लागला, तर कागदी पिशवीत नाव घालून, मोकळ्या हवेत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. अशा वेळी अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने एक मास्क जास्तीत जास्त पाच वेळा घालावा असं सांगितलं होतं. ओला झाला, मळला, पट्टा सैल झाला, श्वास जड झाला, तर त्याआधीच टाकायचा. टाकताना कापून टाका, म्हणजे कुणी पुसून परत विकणार नाही.

तुम्ही म्हणाल, कोरोना गेला, आता हे कशाला? मैत्रिणींनो, जगातल्या क्षयरोग्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. टीबी हवेतूनच पसरतो. थुंकीचे नमुने गोळा करणारी, औषधं पोचवणारी, खोकणाऱ्या माणसाशेजारी बसून विचारपूस करणारी बाई आपल्याच गल्लीतली असते. पेशंटने साधा सर्जिकल मास्क लावला तर त्याच्या खोकल्याचे थेंब अडतात. पण त्याच्याजवळ बसणाऱ्या बाईला तो पुरत नाही, कारण तो कडेने मोकळा असतो. तिला एन-९५ किंवा एफएफपी-२ लागतो, आणि तो खरा लागतो.

आमच्या त्या ३,००० रुपयांचं काय झालं? व्यापाऱ्याने हात वर केले. बिल नव्हतं, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती. खरेदीला गेलेल्या तिघींनी मिळून ते पैसे थोडे थोडे करून खात्यात भरले. आणि बैठकीत नवा ठराव लिहिला, तो सांगून थांबतो. बिलाशिवाय खरेदी नाही. पैसे देण्याआधी परवाना क्रमांक ॲपवर बघायचा आणि त्याचा फोटो वहीत लावायचा. आधी नमुना आणायचा, एक कापायचा, एक घालून बघायचा. वेगवेगळ्या आकाराचे घ्यायचे. आणि शेवटचं, वापरणाऱ्या बाईने तक्रार केली की तिला गाठ मारायला सांगायचं नाही. तिचं ऐकून घ्यायचं आणि त्याच दिवशी मास्क तपासायचा.

बनावट शिक्का दिसला तर बीआयएस केअर ॲपवरच तक्रार करता येते. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. बिल मात्र हातात ठेवा.

त्या आशाताई आज हा कार्यक्रम ऐकत असतील. आता नवीन खोकं आलं की पहिला मास्क आम्ही त्यांच्याकडेच घेऊन जातो. त्या चष्मा लावतात, मास्क घालतात, दोनदा जोरात श्वास सोडतात. काच स्वच्छ राहिली की मान हलवतात. मगच बाकीचे वाटतो.

पुढच्या वेळी दुसऱ्या गटाच्या मैत्रिणी भेटायला येतील.